टीएलआरमध्ये १२० चा रोल: भरण्यापासून वाळवण्यापर्यंत

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत माळा आवरायला काढला की कधीतरी चामड्याच्या पेटीतला यशिका किंवा रोलीकॉर्ड हाती लागतो. फाइन आर्ट्सची मुलं तसलेच कॅमेरे बंद पडलेल्या स्टुडिओंकडून विकत घेतात. मग पहिला रोल धुऊन येतो आणि प्रश्न ठरलेला: "बारापैकी चारच आले, असं का?" बिचाऱ्या लाइट मीटरवर खापर फुटतं. खरं तर असे रोल बघायला घेतले की एक्स्पोजर चुकल्याने गेलेले फार थोडे निघतात. कुणी रोल ढिला भरलेला असतो, कुणी उन्हात काढलेला असतो, कुणी मे महिन्यातल्या टाकीच्या पाण्यात धुतलेला असतो. म्हणून या लेखात क्लिकपेक्षा क्लिकच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

नमुन्याला यशिका मॅट-१२४जी धरला आहे, म्हणजे टीएलआर (ट्विन लेन्स रिफ्लेक्स): दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा, १२० च्या म्हणजे कागदी पाठीच्या रुंद फिल्मच्या रोलवर ६×६ सेंटिमीटरच्या बारा फ्रेम देणारा कॅमेरा. यशिका-डी, यशिका ६३५, रोलीकॉर्ड, रोलीफ्लेक्स यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. रोल विकत घेण्याआधी कॅमेरा तपासा

रोल महाग आहे, टॉर्च स्वस्त आहे. मागचं झाकण उघडा, शटर 'बी'वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहतं तो वेग) ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा म्हणजे एफ/३.५ वर आणा, बटण दाबून धरा आणि खालच्या भिंगातून टॉर्चचा उजेड पाडून आरपार बघा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. सबंध भिंगावर दुधी थर दिसला तर फोटो फिकट आणि कॉन्ट्रास्ट नसलेले येणार. बुरशी भिंगाच्या काठापुरती असेल तर कॅमेरा चालवून बघायला हरकत नाही. मधोमध पसरली असेल तर आधी साफ करून घ्या किंवा सौदा सोडून द्या.

मग शटर. १ सेकंदापासून सुरुवात करून एकेक वेग लावा आणि आवाज ऐका. जुन्या लीफ शटरचे (भिंगातच बसवलेल्या पातळ पात्यांच्या शटरचे) मंद वेग आधी अडकतात: १ सेकंद लावला की घरघर सुरू होते, मध्येच थांबते, आणि पाती अर्धी उघडी राहतात. फोनवर आवाज रेकॉर्ड करून उघडण्या-मिटण्यातलं अंतर मोजलं तर १ सेकंद किती लांबलाय ते लगेच कळतं. १/६० ते १/२५० ठीक असतील तर बाहेरचे फोटो निघतील. मंद वेगांसाठी मात्र शटर उघडून साफ करणारा मेकॅनिक गाठावा लागेल.

> सावधान: शटरमध्ये तेल सोडू नका. शिलाई मशीनचं तेल तर नाहीच नाही. लीफ शटरची पाती कोरडीच चालतात. तेल लागलं की ती एकमेकांना चिकटतात.

> सावधान: १/५०० हा वेग शटर चार्ज करण्याआधीच लावायची सवय ठेवा. जुन्या बऱ्याच लीफ शटरमध्ये या वेगाला वेगळी, जोरकस स्प्रिंग असते. शटर ताणल्यावर डायल बळेच १/५०० वर नेला तर आतला भाग तुटू शकतो. सेल्फ टायमरच्या खटक्याला तर हातच लावू नका. तो अडकला की सगळं शटर अडकतं.

आता सहसा कुणी करत नाही ती तपासणी: वरच्या काचेवर जे शार्प दिसतं, तेच खाली फिल्मवर शार्प पडतं का? मागचं झाकण उघडून, फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर 'बी'वर उघडं, ॲपर्चर एफ/३.५. तीनेक मीटरवर संध्याकाळी एखादा पेटलेला दिवा किंवा ठळक अक्षरांची पाटी ठेवा आणि वरून भिंग लावून फोकस करा. मग मागे येऊन त्याच भिंगाने ट्रेसिंग पेपरवरचं चित्र बघा. तेही शार्प असेल तर प्रश्नच नाही. ते मऊ दिसत असेल, आणि फोकसचं चाक किंचित फिरवल्यावर शार्प होत असेल, तर पूर्वी कुणीतरी भिंग उघडून परत बसवताना जुळणी बिघडवली आहे. अशा कॅमेऱ्यात कितीही रोल घातले तरी चेहऱ्याऐवजी कानच शार्प येणार.

बाकीचं भराभर बघून घ्या. प्रेशर प्लेट (झाकणातली, फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी) १२० साठीच्या खुणेवर आहे ना? १२४जीमध्ये ती सरकते आणि १२ किंवा २४ फ्रेमची खूण दिसते. आपल्याला १२ हवी. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा लागत असेल तर खरवडून नवा बसवा. मीटरची बॅटरी मूळ १.३५ व्होल्टची पाऱ्याची होती, ती आता मिळत नाही. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी बसते, पण मीटर चुकीचं सांगतो. मीटर बंद समजूनच चला.

> तपासा: कॅमेऱ्यात रिकामी रीळ आहे का? १२० चा रोल ३५ एमएमसारखा मागे गुंडाळत नाहीत. तो एका रिळावरून दुसऱ्यावर जातो आणि तिथेच राहतो. रिकामी रीळ नसेल तर रोल भरताच येत नाही. स्टुडिओवाल्याकडे किंवा लॅबमध्ये मागितली की सहसा मिळते.

२. रोल निवडणं आणि सांभाळणं

पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइट घ्या, आयएसओ ४०० चा. इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स. दोन्हींना एक-दोन स्टॉप जास्त उजेड सहज पचतो (एक स्टॉप जास्त म्हणजे उजेड दुप्पट, एक कमी म्हणजे निम्मा), आणि दोन्ही घरी धुता येतात. कलर निगेटिव्ह नंतर. स्लाइड फिल्मला इतक्यात हात लावू नका.

आपल्याकडे रोल उन्हाने आणि दमटपणाने बिघडतो. मागवलेलं पार्सल मे महिन्यात दुपारभर डिलिव्हरीच्या पिशवीत फिरलं तर आपल्या हातात काही नाही, पण घरी आल्यावर ते फ्रिजमध्ये जायला हवं. न उघडलेल्या पाकिटात, वर एक झिपची पिशवी. वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढा आणि पाकीट तसंच बंद राहू द्या. पावसाळ्यात थंडगार रोल लगेच फोडला की फिल्मवर दव धरतं आणि पाठीचा कागद फिल्मला चिकटतो. मग निगेटिव्हवर कागदाच्या ठिपक्यांचे, क्वचित छापील आकड्यांचे डाग येतात.

उन्हात उभ्या गाडीत रोल ठेवू नका. विमानाने जाताना रोल केबिन बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. चेक-इन बॅगेत तर कधीच नको. नवे सीटी स्कॅनर एका फेरीतही फिल्मवर धुकं धरवू शकतात.

३. रोल भरणं

पहिल्यांदा भरताना घरात, टेबलाशी बसून, पंखा बंद करून भरा. कमाटीबागेत बाकावर बसून भरायचं असेल तर निदान झाडाच्या दाट सावलीत, स्वतःच्या अंगाची सावली कॅमेऱ्यावर पाडून.

१. झाकण उघडा. खालच्या खणात रिकामी रीळ असेल तर ती वरच्या खणात हलवा. यशिका मॅटमध्ये नवा रोल खाली बसतो आणि फिल्म खालून वर जाते. रिळीचं खाच असलेलं टोक क्रँकच्या (फिल्म पुढे नेणाऱ्या दांड्याच्या) बाजूच्या खुंटीत नीट बसलं पाहिजे. खुंटी बाहेर ओढून, रीळ बसवून, सोडून द्यायची.

२. रोलचं पाकीट फोडा, पण कागदी पट्टी इतक्यात तोडू नका. रोल खालच्या खणात बसवा. कागदाची छापील बाजू तुमच्याकडे, काळी बाजू भिंगाकडे. हे उलटं झालं तर बारा फ्रेम कागदावर निघतात आणि फिल्म कोरीच राहते.

३. आता पट्टी तोडा. त्या क्षणापासून डाव्या अंगठ्याने खालचा रोल हलकासा दाबून धरा आणि तो अंगठा झाकण लावेपर्यंत काढू नका. या एका अंगठ्यावर सगळा रोल अवलंबून आहे. अंगठा काढला की कागद फुगतो, रोल ढिला होतो, आणि ढिल्या रोलच्या कडांतून आत शिरलेला उजेड थेट बाराव्या फ्रेमपर्यंत डोकावतो.

४. कागदाचं निमुळतं टोक वर ओढून वरच्या रिळीच्या लांब फटीत पूर्ण आत घाला. जेमतेम टोक अडकवून चालत नाही. दोन बोटांनी धरून कागद फटीच्या मधोमध आहे ना ते बघा.

५. क्रँक हळूच एक फेरा फिरवा. इथे थांबा आणि निरखून बघा: कागद रिळीच्या दोन्ही चकत्यांच्या मधोमध, सरळ गुंडाळला जातोय का? एका बाजूला चढत असेल तर परत उलगडून फटीत नीट बसवा. सुरुवातीला दोन मिलिमीटरने तिरका गेलेला कागद शेवटी चकतीवर चढतो आणि कडेने फुगतो.

६. अंगठ्याचा ताण कायम ठेवून फिरवत राहा. कागदावर आडवा बाण येईल. तो कॅमेऱ्यातल्या दोन्ही बाजूंच्या खुणांच्या बरोबर रेषेत आला की थांबा. खुणा बारीक असतात, टॉर्च लावून आधीच शोधून ठेवा.

७. झाकण लावा, कडी अडकवा, आणि क्रँक आपणहून अडेपर्यंत फिरवा. काउंटरवर १ दिसेल.

> सावधान: बाण खुणेच्या पुढे गेला तर शेवटची फ्रेम फिल्मच्या बाहेर पडते. बाण खुणेपर्यंत पोचलाच नाही तर पहिली फ्रेम फिल्म सुरू होण्याआधीच, कागदावर आणि चिकटपट्टीवर पडते. थोडा पुढे गेला असेल तर तसंच चालू द्या आणि बारावी फ्रेम महत्त्वाच्या फोटोसाठी ठेवू नका. मागे फिरवायच्या भानगडीत पडून रोल ढिला करू नका.

> तपासा: झाकण लावल्यावर क्रँकला एकसारखा, मऊसा विरोध जाणवला पाहिजे. अगदीच हलका फिरत असेल तर कागद फटीतून सुटला आहे. सावलीत जाऊन उघडा. पहिली फ्रेम यायच्या आत उघडलं तर फार तर एखाद-दुसरी फ्रेम जाईल.

रोलीफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये बाण जुळवायचा नसतो. कागद खालच्या दोन रुळांच्या मधून न्यायचा. फिल्मची जाडी आली की कॅमेरा स्वतः ओळखतो. कागद रुळांच्या वरून गेला तर काउंटर सुरूच होत नाही आणि सगळा रोल एका दमात पलीकडे जातो.

लाल खिडकीच्या कॅमेऱ्यांचं तंत्र याहून वेगळं. ॲग्फाचा क्लिक थ्री हा बडोद्यातच बनायचा, तेव्हा तो इथे कुणाच्याही घरात निघू शकतो. त्यात खिडकीतून कागदावरचे आकडे वाचून थांबायचं असतं. लाल काच जुन्या, लाल उजेड न ओळखणाऱ्या फिल्मसाठी होती. आजच्या आयएसओ ४०० च्या फिल्मला ती पुरी पडत नाही. आकडा बघून झाला की खिडकीवर काळी टेप लावा, आणि आकडा उन्हात बघू नका.

४. उजेड मोजणं

मीटर बंद धरलाय, तेव्हा फोनवरचं लाइट मीटर ॲप किंवा डोळे. डोळ्यांसाठी नियम सोपा: लख्ख उन्हात एफ/१६, आणि शटर फिल्मच्या आयएसओइतक्या भागाचं. आयएसओ ४०० ला जवळचं १/५००. उन्हावर पातळ ढग असतील, सावल्यांच्या कडा मऊ पडत असतील तर एफ/११. सावल्याच पडत नसतील तर एफ/८. भर ढगाळ असेल तर एफ/५.६. उघड्या आकाशाखालच्या सावलीत, म्हणजे न्यायमंदिरासमोरच्या दुकानांच्या छपराखाली वगैरे, एफ/५.६ ते एफ/४.

निगेटिव्ह फिल्मला उजेड कमी पडण्यापेक्षा जास्त पडलेला बरा. दोन आकड्यांत अडकलात तर मोठं ॲपर्चर, म्हणजे एफचा लहान आकडा घ्या. उत्तरायणात गच्चीवर पतंगवाल्यांचे फोटो काढताना ॲप आकाश मोजतं आणि माणसं काळीठिक्कर येतात. ॲप आकाशाकडे न रोखता माणसाच्या सावलीतल्या गालाकडे धरा, आणि येईल त्याच्यापेक्षा एक स्टॉप कमी उजेड द्या. सावली मोजून तशीच घेतली तर बाकी सगळं गरजेपेक्षा गडद निगेटिव्ह होतं, म्हणून हा एक स्टॉप.

दुपारच्या उन्हात एफ/४ ला पार्श्वभूमी धूसर करायची इच्छा असेल तर आयएसओ ४०० चा रोल कामाचा नाही. १/५०० च्या वर शटर जात नाही. तिथे आयएसओ १०० किंवा १२५ चा रोल लागतो, आणि तरीही एफ/८ च्या आसपासच थांबावं लागतं. सकाळी साडेसातला सूरसागरच्या काठावर जा, सगळं सोपं होतं.

आतल्या अंधारात, तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांसारख्या जागी, सेकंदांत एक्स्पोजर जातं. (ट्रायपॉडसाठी आधी विचारून घ्या, तो संरक्षित वाडा आहे.) लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म आळसावते. एचपी५ प्लसला मीटरने ४ सेकंद सांगितले तर ६ द्या, १० सांगितले तर २०. इथे केबल रिलीज लागते; बोटाने दाबून धरलेला 'बी' हललाच म्हणून समजा.

५. फ्रेम, फोकस, क्लिक

काचेवरचं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे सरकला तर काचेवर उजवीकडे सरकतो. पहिला आठवडा रोल न घालता घरातच फिरून सराव करा. रोल घालून सराव म्हणजे पैसे उडवणं.

फोकस करताना झाकणातलं छोटं भिंग नेहमी वर काढा. नुसत्या डोळ्यांनी काचेवर सगळंच शार्प भासतं. ८० एमएमच्या भिंगाने दीड मीटरवर एफ/३.५ ला जेमतेम १२ सेंटिमीटर खोली शार्प येते, एफ/८ ला फूटभराच्या आत. चेहरा काढताना डोळ्यावर फोकस करा, मग भिंग मिटून फ्रेम बघा, आणि पुढे-मागे न डोलता क्लिक करा. बोलता बोलता माणूस पुढे झुकतो, तिथेच निम्मे पोर्ट्रेट जातात.

पट्टा गळ्यात ताणून कॅमेरा पोटाशी घट्ट, दोन्ही कोपर अंगाला लावून. असा धरला की १/६० ही जमतो, तरी १/१२५ च्या खाली नाइलाजानेच जा. बटण टोचायचं नाही, दाबत न्यायचं.

कॅमेरा पोटाशी असल्यामुळे उभ्या माणसाच्या नाकपुड्या आणि हनुवटी मोठी येते. उभ्याचा फोटो काढताना कॅमेरा छातीपर्यंत उचला, नाहीतर चार पावलं मागे जा. ओट्यावर बसलेल्या आजीला हीच उंची बरोबर डोळ्यांच्या रेषेत मिळते. या कॅमेऱ्याने बसलेल्या माणसांचेच फोटो जास्त चांगले येतात, हे माझं मत.

> सावधान: तुम्ही वरच्या भिंगातून बघता, फोटो खालच्यातून निघतो. खालच्या भिंगासमोर बोट किंवा पट्टा आला तर काचेवर कळतच नाही. एक मीटरच्या आसपास दोन भिंगांतला फरक फ्रेममध्ये उतरतो आणि डोक्याचा वरचा भाग कापला जातो. ट्रायपॉड असेल तर दोन भिंगांच्या केंद्रांमधलं अंतर पट्टीने मोजून, फोकस झाल्यावर कॅमेरा तितकाच वर उचला. हातात असेल तर डोक्यावर मोकळी जागा सोडा.

क्लिक झाल्यावर यशिका मॅटचा क्रँक अडेपर्यंत पुढे, मग अडेपर्यंत मागे. मागे पूर्ण आणला नाही तर बटण दबत नाही आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून मेकॅनिककडे पळतात. यशिका-डी आणि ६३५ मध्ये फिल्म पुढे नेणं आणि शटर ताणणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिथे शटर पुन्हा ताणलं तर फिल्म न सरकवताही क्लिक होतं आणि दोन फोटो एकमेकांवर बसतात. उपाय एकच, क्रम ठरवून टाका: क्लिक, लगेच फिल्म पुढे, आणि शटर पुढच्या फोटोच्या वेळीच ताणायचं.

६. रोल काढणं

बारावी फ्रेम झाली की क्रँक पुढे अडत नाही. फिरवत राहा. कागद पूर्ण पलीकडे गेला की विरोध एकदम संपतो. त्यानंतरही तीन-चार फेरे द्या. मग सावली शोधा. घाई असेल तर निदान रिक्षात बसा.

झाकण जरासं उघडा, लगेच वरच्या रोलवर अंगठा ठेवा, मग पूर्ण उघडा. खुंटी ओढून रोल काढताना अंगठा तसाच. कागदाचं टोक आत दुमडा, चिकटपट्टी थुंकी लावून घट्ट गुंडाळा. काही कंपन्यांची पट्टी आपणहून चिकटते, ती चाटत बसू नका.

> सावधान: रोल ढिला वाटला तर टोक ओढून आवळू नका. फिल्मचे थर एकमेकांवर घासून बारीक ओरखडे उठतात. तसाच चिकटपट्टीने बंद करा, फॉइलमध्ये गुंडाळा, आणि धुवेपर्यंत अंधाऱ्या डब्यात ठेवा.

रोलवर पेनने तारीख आणि वापरलेला आयएसओ लिहा. रिकामी झालेली खालची रीळ आत्ताच वर सरकवून ठेवा. क्रँक रोलच्या मध्येच अडला तर कॅमेरा उघडू नका. चेंजिंग बॅगेत (बाहेरून हात घालून काम करायच्या उजेडबंद काळ्या पिशवीत) किंवा रात्री अंधाऱ्या खोलीत उघडा.

७. रोल धुणं

लॅबला देणार असाल तर हा भाग सोडा, फक्त लॅब १२० धुते का ते आधी विचारून घ्या. घरी धुणार असाल तर आपला खरा शत्रू तापमान आहे. कोष्टकांतली वेळ २० अंश सेल्सिअसची असते. डिसेंबर-जानेवारीत ते जमतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी बादलीत हात घालवत नाही इतकं तापतं.

२० चा हट्ट सोडा, २४ अंश धरा. एचपी५ प्लसला आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. २४ ला ती पाचवर येतात. पाच मिनिटांखाली डेव्हलपिंग डागाळ होण्याची भीती असते. म्हणून तेच डेव्हलपर समान पाणी मिसळून, १+१ वापरा: २० ला १३ मिनिटं, २४ ला साधारण नऊ. हाताशी वेळ राहतो. हे पातळ केलेलं डेव्हलपर एकदाच वापरून टाकून द्यायचं.

१. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एका मोठ्या टबात, बर्फाच्या बंद पिशव्यांबरोबर ठेवा. बर्फ थेट द्रावणात टाकू नका. थर्मामीटरने प्रत्येक बाटली मोजा. लोक फक्त डेव्हलपर थंड करतात आणि पुढे फिल्मवर नळाचं गरम पाणी ओततात. मऊ पडलेल्या इमल्शनला ते सोसत नाही.

२. टाकीची प्लास्टिकची चक्री १२० च्या रुंदीला लावा. ती हाडासारखी कोरडी हवी. पावसाळ्यात चेंजिंग बॅगेत हातांना घाम येतो आणि फिल्म चक्रीत अर्ध्यावर चिकटते. त्यापेक्षा रात्री, एसीच्या खोलीत, दाराखाली टॉवेल लावून पूर्ण अंधार करा.

३. अंधारात पट्टी तोडून कागद उलगडत जा. आधी नुसता कागद येतो, मग फिल्मचं सुटं टोक. ते चक्रीत घाला आणि पुढे-मागे करत चढवा. दुसरं टोक कागदाला चिकटपट्टीने जोडलेलं असतं. ती हळू सोडवा, झटक्यात ओढली तर क्षणभर चमक उठते. फिल्म मोडली, वाकली तर तिथे अर्धचंद्राचा डाग येतो. खराब रोलवर, उजेडात, मग डोळे मिटून, आधी सराव करा.

४. टाकीत मधली काळी नळी घातली ना ते चाचपून बघा, मगच झाकण लावा. नळीशिवाय झाकण बसतं, पण उजेड आत जातो.

५. डेव्हलपर ५०० मिली ओता. पहिल्या १० सेकंदांत टाकी चार वेळा उलटीपालटी करा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा. प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर ठकठक आपटा, बुडबुडे निघून जातात.

६. वेळ संपली की ओतून द्या, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) किंवा साधं पाणी, मग हायपो, म्हणजे फिक्सर. रॅपिड फिक्सर १+४ असेल तर तीन ते पाच मिनिटं. हायपो जुना असेल तर ३५ एमएमच्या फिल्मचा तुकडा त्यात टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो बघा. ताज्यापेक्षा दुप्पट वेळ लागत असेल तर नवा बनवा.

७. पाणी भरून पाच वेळा उलटवा, ओता. नवं पाणी, दहा वेळा. नवं पाणी, वीस वेळा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड वॉटर, त्यात वेटिंग एजंटचे थोडे थेंब. नळाच्या पाण्याने क्षारांचे डाग राहतात आणि ते स्कॅनवर आकाशातच नेमके दिसतात.

८. बाथरूममध्ये आधी गरम पाण्याचा शॉवर मिनिटभर चालवून धूळ बसवा, मग फिल्म टांगा, खाली क्लिप लावा. दार बंद. पंखा नको, हेअर ड्रायर नको.

८. निगेटिव्ह काय सांगते

वाळल्यावर खिडकीशी धरा आणि आधी कडा वाचा. फिल्मच्या कडेवर कंपनीची अक्षरं छापलेली असतात. अक्षरं ठळक आणि फ्रेम कोऱ्या, तर धुणं बरोबर आहे. शटर उघडलं नाही किंवा रोल उलटा भरला गेला. अक्षरंच नाहीत आणि सगळं पारदर्शक, तर डेव्हलपर मेलेलं होतं किंवा हायपो आधी ओतला गेला. अक्षरं फिकट आणि फ्रेमही फिकट, तर वेळ किंवा तापमान कमी पडलं. अक्षरं बरोबर पण फ्रेम फिकट, तर उजेड कमी दिला.

कडेकडून आत शिरणारे काळे ढग म्हणजे ढिला रोल किंवा उन्हात उघडलेलं झाकण. प्रत्येक फ्रेमवर एकाच ठिकाणी काळी पट्टी म्हणजे झाकणाचा फोम. फ्रेमा एकमेकींवर चढलेल्या म्हणजे बाण जुळवणं चुकलं नसून फिल्म सरकवण्याची यंत्रणा घसरते आहे. ते मेकॅनिकचं काम. सगळ्या फ्रेमवर एकच लांब सरळ ओरखडा असेल तर फिल्म जिथून जाते ते रूळ कापसाने पुसा.

> तपासा: फ्रेम तीन-तीनच्या पट्ट्यांत कापा, चार पट्ट्या होतात. कापण्याआधी कात्री फ्रेममधल्या मोकळ्या जागेवर आहे ना ते उजेडावर धरून बघा.

९. दोन रोलांच्या मध्ये

कॅमेरा ठेवताना शटर ताणलेलं सोडू नका. रिकामा क्लिक करून ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामड्याची पेटी बाजूला काढा. ती ओल धरते, आणि भिंगावरची बुरशी तिच्यापासूनच सुरू होते. कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. रंग बदललेलं जेल मंद आचेवर तव्यात परतलं की परत कामाला येतं. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून प्रत्येक वेगावर दोन-दोन क्लिक करा, आणि फोकसचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा.